गाऱ्हाण्याशिवाय उपकारस्तुती?

आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चांमध्ये, सध्या एक वाद जोरात आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी वाईट तऱ्हेने चाललाय. घरात मोठं आजारपण आलं, नोकरी गेली, उभं पीक गेलं, अगदी तरुण मुलगा गेला, तरी तोंडातून पहिला शब्द ‘स्तुती असो’ हाच निघाला पाहिजे, असं एक बाजू सांगते. ज्याच्या तोंडून तो निघत नाही त्याचा विश्वास कच्चा. स्तुती केली की शास्त्रातल्या यरीहो शहराचे तट पडतात, नाही केली की आशीर्वाद अडतो, इतका सरळ हिशेब. दुसऱ्या बाजूला आमचे शिकलेले, नोकरीपेशातले, चळवळीत ऊठबस असलेले लोक जास्त. ते म्हणतात, ही सगळी गुंगी आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या वाकायला शिकवलं त्यांना आता टाळ्या वाजवत वाकायला शिकवताहेत. या दोघांच्या मधोमध तिसरं भांडण आहेच: तबला-पेटी की कीबोर्ड-ड्रम, हातातलं ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक की पडद्यावरच्या ओळी. त्यावर मंडळीच्या कमिट्यांनी इतके तास घातले आहेत की मी आणखी काही घालत नाही.

माझं म्हणणं असं की पहिल्या दोन्ही बाजू एकच गोष्ट गृहीत धरून भांडताहेत: देवाची उपकारस्तुती करायची, त्याचे आभार मानून स्तुती करायची, म्हणजे जे चाललंय ते ठीक चाललंय अशी कबुली द्यायची. एक बाजू ती कबुली मागते, दुसरी ती द्यायला नकार देते. पवित्र शास्त्रातली उपकारस्तुती मात्र अशी कबुली देत नाही. ती गाऱ्हाण्याच्या मांडीला मांडी लावून बसते, काय सोसलं ते आठवून सांगते, आणि शेवटी कुणाच्या तरी ताटात पडते. यातलं गाऱ्हाणं तेवढं काढून टाकलं, तर देवासमोर आपण जे करतो ती निव्वळ खुशामत होते.

आता पहिल्या बाजूचं जे खरोखर वजनदार आहे ते आधी मान्य करू. प्रेषित पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ असं लिहितो, आणि इफिसकरांच्या पत्रात तर त्याहून पुढे जाऊन सर्व गोष्टींबद्दल सर्वदा देवाचे उपकार माना असं सांगतो. हे लिहिणारा माणूस आरामखुर्चीत बसलेला नव्हता. त्याने फटके खाल्ले होते, तुरुंग पाहिला होता, जहाज फुटून समुद्रात पडला होता. हबक्कूक संदेष्टा म्हणतो की अंजीर फुलला नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. मराठवाड्यातला शेतकरी हे वचन वाचतो तेव्हा त्याला टीकाग्रंथ लागत नाही. ‘शास्त्रात असं कुठे आहे?’ असा पवित्रा घेऊन या बाजूला उडवून लावता येणार नाही. आहे, ठळक अक्षरांत आहे.

दुसरा मुद्दा मला त्याहून जड वाटतो. स्तुतीचा आवाज सर्वांत मोठा कुणाचा असतो? पत्र्याच्या शेडमध्ये भरणाऱ्या उपवास-प्रार्थनेला एकदा जाऊन बसा. सतरंजीवर पुढच्या रांगेत ज्या बाया बसलेल्या असतात त्या सकाळी कुणाच्या तरी शेतात खुरपून आलेल्या असतात. नखांत माती असते, डोक्यावर पदर, मांडीवर झोपलेलं नातवंड. साक्ष द्यायला एकजण उठते. म्हणते, ‘या आठवड्यात चार दिवस काम भेटलं, पोराचा ताप उतरला, प्रभूची स्तुती असो.’ आणि बसते. मागून सगळ्या ‘आमेन’ म्हणतात. ज्या गावात तिला अजून नुसत्या नावाने हाक मारतात, तिथे एका सभेसमोर उभं राहून तिने आपल्या आयुष्याचा हिशेब स्वतः मांडलेला असतो, आणि देवाने आपली दखल घेतली असं जाहीर केलेलं असतं. पगारी सुट्टी असलेल्या माणसाने खुर्चीवरून तिला ‘बाई, तू आधी तुझ्या शोषणाचा विचार कर’ असं शिकवायचं? तिला शोषण म्हणजे काय ते आपल्यापेक्षा जास्त कळतं. तिच्या स्तुतीला गुंगी म्हणणारा तिच्याकडे पाहतच नाही, त्याचं लक्ष आपल्याच पुस्तकाकडे असतं.

तिसरी गोष्टही खरीच आहे: कृतज्ञ माणसाची तब्येत जरा बरी राहते. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलो या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, कशाकशाबद्दल कृतज्ञ वाटतं याची नोंद ठेवणारे लोक कटकटींची नोंद ठेवणाऱ्यांपेक्षा समाधानी आढळले. तेव्हापासून कृतज्ञतेच्या डायऱ्यांचा बाजारच उघडलाय, आणि आमच्या काही तरुण पाळकांच्या प्रवचनांतही हा प्रयोग येऊन पोचलाय. येऊ दे. फक्त त्या डायरीला समोर कुणी लागत नाही, एवढं लक्षात ठेवावं. रक्तदाब उतरतो म्हणून देवाचे आभार मानायचे, तर मग देवाच्या जागी सकाळचं फिरणंही चालेल.

एवढं मान्य करूनही मी पहिल्या बाजूशी सहमत का नाही? कारण ती शास्त्रातून जे उचलते त्याच्या आधीचं-नंतरचं पान ती वाचत नाही. स्तुतीवरच्या प्रवचनात राजा यहोशाफाटाची गोष्ट हमखास येते: सैन्याच्या पुढे गायक उभे केले, त्यांनी स्तुती सुरू केली आणि शत्रू आपापसांत लढून मेले. शास्त्रातल्या ‘दुसरा इतिहास’ या पुस्तकाचा विसावा अध्याय. प्रवचन एकविसाव्या वचनापासून सुरू होतं. पण अकराव्या-बाराव्या वचनात तोच यहोशाफाट सगळ्या यहूदासमोर, बायकापोरांसमोर उभा राहून देवाला म्हणतोय की बघ, हे लोक आम्हाला कशी परतफेड करताहेत, आमच्यात बळ नाही, काय करावं आम्हाला कळत नाही, आमचे डोळे तुझ्याकडे लागलेत. गायक आले ते या गाऱ्हाण्यानंतर, आणि त्यांना गाण्याची हिंमत आली तीही त्यातूनच. हा भाग गाळून नुसती गायकांची रांग उभी केली की स्तुती म्हणजे एक तोडगा होतो: अमुक करा, तमुक मिळेल. गावातल्या देवऋषाकडे जायचं आपण सोडलं ते याच हिशेबातून सुटायला, नाही का?

फिलिप्पैच्या तुरुंगाचंही तेच. छड्यांचा मार खाऊन, पाय खोड्यात अडकवलेले पौल आणि सीला मध्यरात्री स्तोत्रं गात होते, भूकंप झाला, दारं उघडली. इथवर सगळ्यांना पाठ आहे. सकाळी काय झालं? अधिकाऱ्यांनी शिपायांकडून निरोप धाडला, सोडून द्या त्यांना. पौल हलला नाही. आम्ही रोमी नागरिक, चौकशी न करता चारचौघांत आम्हाला मारलं, तुरुंगात टाकलं, आणि आता गुपचूप काढून देता? त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. अधिकारी घाबरले, आले, विनवण्या केल्या. रात्री स्तोत्र गाणारा माणूस आणि सकाळी हक्कासाठी अडून बसणारा माणूस एकच आहे. त्याच्या मनात या दोन गोष्टींचं भांडण नव्हतं. ‘जे झालं ते देवाच्या इच्छेने झालं, स्तुती असो’ असं म्हणून तो शिपायामागून निघाला असता, तर त्या शहरात मागे राहिलेल्या नव्या मंडळीच्या वाट्याला काय आलं असतं? आणि ‘सर्व गोष्टींबद्दल’ लिहिणाऱ्या याच पौलाने आपल्या शरीरातला काटा दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली होती. काट्याबद्दल त्याने पहिल्याच दिवशी आभार मानले असते, तर ती विनंती त्याने कशाला केली असती?

मुलंबाळं, गुरंढोरं सगळं गमावलेल्या ईयोबाचं वाक्य तर आपल्याकडे प्रत्येक दफनविधीत येतं: ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, धन्य परमेश्वराचे नाम!’ कबरीवर माती पडत असते, आई कोसळलेली असते, आणि कुणीतरी तिच्या खांद्यावर हात ठेवून हे सांगत असतं. वाक्य थोर आहे. पण ते पहिल्या अध्यायात आहे आणि पुस्तक बेचाळीस अध्यायांचं आहे. तिसऱ्या अध्यायात ईयोब आपल्या जन्माच्या दिवसाला शिव्याशाप देतो आणि पुढे कितीतरी अध्याय देवाला जाब विचारत राहतो. त्याचे मित्र मात्र देवाच्या बाजूने बोलतात, छान, नेटकं, आजच्या सांत्वनसभेत शोभेल असं. आणि शेवटी देव काय म्हणतो? माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. शिवाय पहिल्या अध्यायातलं ते वाक्य ईयोबाने स्वतः उच्चारलंय, कुणी त्याच्याकडून म्हणवून घेतलेलं नाही. सांत्वनसभेत घरच्यांकडून ‘स्तुती असो’ वदवून घेणाऱ्या पाळकसाहेबांनी हा फरक जरा मनावर घ्यावा. मी अशा सभांना बसलोय. घरातली माणसं ते म्हणतात, कारण समोर पन्नास लोक वाट पाहत असतात.

यावर तयार उत्तर असतं: मग अरण्यात कुरकुर करणाऱ्या इस्राएल लोकांचं काय झालं? देवाने त्यांना शिक्षा केली की नाही? केली. हा आक्षेप टाळण्यासारखा नाही, कारण पौलही करिंथकरांना त्याची आठवण देऊन बजावतो. म्हणून ‘गणना’ या पुस्तकाचा अकरावा अध्याय सावकाश वाचावा. लोक तंबूच्या दारात बसून रडताहेत: मिसरात फुकट मासे मिळायचे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण. ते देवाशी बोलत नाहीत, देवाविषयी आपसांत बोलतात, आणि त्यांना परत गुलामीत जायचंय. त्याच अध्यायात, दोन-चार वचनं पुढे, त्यांचा पुढारी मोशे देवाला सरळ तोंडावर विचारतो की या लोकांना मी का पोटात वाढवलं, मी का जन्म दिला? हे ओझं मला झेपत नाही. असंच वागवायचं असेल तर मला मारून टाक. एवढं बोलल्यावर मोशेला काय शिक्षा झाली? काहीही नाही. देवाने त्याच्या मदतीला सत्तर वडील नेमले. तक्रार कुठल्या तोंडाने, कुणापाशी आणि कशासाठी, यावर सगळं अवलंबून आहे. आमच्या मंडळीत मोशेसारखं बोलायला बंदी आहे, आणि चर्चबाहेर चहाच्या टपरीवर तंबूच्या दारातली कुरकुर मात्र दर रविवारी भरते. बंदीचा परिणाम हा असाच होणार.

स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्यांत सर्वांत मोठा गट विलापाचा आहे, हे कुठल्याही सेमिनरीत पहिल्या वर्षाला शिकवतात. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर शेवटपर्यंत वळत नाही, अंधारातच संपतं. बंदिवासातलं एकशे सदतिसावं ‘गाणं म्हणा’ असं सांगणाऱ्यालाच विचारतं की परक्या मुलखात परमेश्वराचं गाणं कसं म्हणू? आपल्या सभांत यांतलं काय गातात? तेविसावं, शंभरावं, एकशे तिसरं, दीडशेवं. या निवडीला मी नावं ठेवत नाही, एकशे तिसरं मलाही प्रिय आहे. पण संग्रह करणाऱ्यांनी विलाप आणि स्तुती एकाच पुस्तकात एकमेकांना चिकटून ठेवली, आणि आपण कात्री घेऊन बसलो, हे तर खरं? अमेरिकन अभ्यासक वॉल्टर ब्रुगमन यांनी १९८६ साली बजावलं होतं की उपासनेतून विलाप गेला की त्याच्यामागून न्यायाचा प्रश्नही जातो. देवासमोर ‘हे बरोबर नाही’ म्हणायची सवय मोडली की तहसीलदारासमोर ती कुठून येणार?

हा काही परदेशातून आणलेला विचार नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जी धार्मिक जागृती झाली तिचा दाखला स्तुती-आराधनेचे पुरस्कर्ते नेहमी देतात. द्यावाच. पण तिथे काय घडलं? शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत होत्या, रडत होत्या, पापं कबूल करत होत्या, आणि त्यानंतर आनंद आला. त्यांतल्या कित्येकजणी दुष्काळातून, उपासमारीतून तिथवर आलेल्या. रडायला त्यांच्याकडे पुष्कळ होतं आणि कुणी त्यांना गप्प बसवलं नाही. त्यांची बाई कोण, तर पंडिता रमाबाई, ज्यांचे स्वतःचे आई-वडील आणि बहीण दुष्काळात अन्नावाचून गेले होते. याच रमाबाईंनी १८९७च्या प्लेगात पुण्याच्या सरकारी प्लेग-इस्पितळातल्या कारभारावर जाहीर पत्रातून कोरडे ओढले. मुंबईच्या गव्हर्नरला त्याचं खंडन करावं लागलं आणि प्रकरण थेट ब्रिटिश पार्लमेंटात गेलं. सरकार ख्रिस्ती आहे, आपल्याला संरक्षण देतं, उपकार माना आणि गप्प बसा, असं सांगणारे तेव्हाही असणारच.

साक्षींबद्दल थोडं कडू बोलायचंय. ‘अपघात झाला, बसमधले सात गेले, पण देवाने मला वाचवलं.’ ‘दुसऱ्या लाटेत आमच्या गल्लीत घरटी एक गेला, पण आमच्या घराला प्रभूने हात लावू दिला नाही.’ २०२१ नंतर अशा साक्षी किती ऐकल्या! जीव वाचलेला माणूस आभार मानणारच, मानले नाहीत तर तो माणूस कसला. पण त्याच सभेत तिसऱ्या बाकावर नवरा गमावलेली बाई बसलेली असते, तिनेही प्रार्थना केली होती, तिनेही तेल लावून घेतलं होतं. या साक्षीतला ‘पण’ तिच्या छातीत जातो. लूकच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेला दाखला आहे: मंदिरात दोघे प्रार्थनेला गेले. त्यांतल्या एकाच्या प्रार्थनेची सुरुवातच आभाराने होते: हे देवा, मी इतर माणसांसारखा नाही म्हणून तुझे आभार मानतो. ही प्रार्थना करून तो परूशी घरी गेला, पण नीतिमान ठरला तो छाती बडवणारा जकातदार. कृतज्ञता आपोआप पवित्र होत नाही. शेजाऱ्याच्या दुःखावर पाय ठेवून ती उंच होत असेल, तर देवापर्यंत ती पोचते असं मानायला येशूने जागा ठेवलेली नाही. आमोस संदेष्टा तर आणखी रोखठोक. तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापासून दूर करा, असं देवाचं म्हणणं तो सांगतो, आणि त्याच दमात, न्याय पाण्यासारखा वाहू द्या.

आता दुसऱ्या बाजूकडे. कृतज्ञता हे मालकांचं हत्यार आहे, हे तिचं म्हणणं पोकळ नाही. अहमदनगर भागात अमेरिकन मराठी मिशन १८३१मध्ये आलं, आणि पुढच्या काळात ख्रिस्ती झालेल्यांत महार-मांग समाजातली माणसं सर्वाधिक होती. शाळा, दवाखाना, दुष्काळात धान्य मिळालं. त्याबरोबर ‘साहेबांचे उपकार’ हे शब्दही घरात आले आणि पिढ्यान्‌पिढ्या राहिले. गावच्या पाटलापुढे वाकलेली मान बंगल्यावरच्या साहेबापुढे वाकली. बाहेरच्यांनी तर ‘धान्यासाठी बाटले’ असा शिक्काच मारला. ज्याला जन्मभर कुणाचं ना कुणाचं उपकृत राहावं लागलं, त्याला रविवारी पुन्हा ‘उपकार मान’ असं सांगितलं की त्याच्या नातवाच्या कपाळावर आठी येणारच. ती आठी मला समजते.

पण इतिहास एवढ्यावर थांबत नाही. देवाचे उपकार मनापासून मानणारी माणसंच माणसांच्या उपकाराखालून सुटलेली दिसतात. रमाबाईंचा १८८३मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे बाप्तिस्मा झाला. तिथल्या मठातल्या भगिनींनी त्यांना आसरा दिला, शिकवलं, लेकीला सांभाळलं. मग त्यांनी अपेक्षा केली ती आज्ञाधारकपणाची. १८८५च्या सुमाराचा रमाबाईंचा पत्रव्यवहार वाचण्यासारखा आहे. भगिनींचं ऋण त्या कुठेही नाकारत नाहीत, पण मोठ्या कष्टाने पुरोहितवर्गाचं जू मानेवरून काढलंय, आता दुसरं तसलंच जू घेणार नाही, हे स्वच्छ कळवतात. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनच्या पगाराची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. मराठी मंडळ्या आजही ज्यांची भजनं-अभंग गाऊन स्तुती करतात ते हेच टिळक. आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त देवावरची कृतज्ञता पानापानांत आहे, म्हणून काय त्यांनी नवऱ्याचा तापटपणा झाकला, की सासऱ्यांचा जाच गोड करून सांगितला? देणारा एकच आहे आणि तो साहेब नाही, पाटील नाही, हे ज्याला उमगलं त्याची मान कुणापुढे का वाकेल? दुसरी बाजू स्तुतीच टाकून द्यायला निघाली आहे. म्हणजे जिच्या जोरावर ही माणसं उभी राहिली तीच गोष्ट.

मराठी दलित ख्रिस्ती कुटुंबातून आलेले ईश्वरविज्ञानाचे अभ्यासक अरविंद निर्मळ यांनी १९८१मध्ये बंगळुरूच्या व्याख्यानापासून दलित ईश्वरविज्ञानाचा जो विचार मांडायला सुरुवात केली, त्यात पुढे त्यांनी आधाराला घेतलेला उतारा कोणता? शास्त्रातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा सव्विसावा अध्याय. हा उतारा उपकारस्तुतीचाच विधी आहे. कापणीनंतर पहिल्या पिकाची टोपली घेऊन याजकासमोर जायचं, आणि काय म्हणायचं? ‘देवा, पीक छान आलं’ हे शेवटी. आधी म्हणायचं की माझा पूर्वज भटका अरामी होता. मिसरात गेलो, मिसऱ्यांनी आम्हाला छळलं, कठीण वेठबिगार करायला लावली. आम्ही आक्रोश केला. परमेश्वराने आमचा आवाज ऐकला. टोपली मग खाली ठेवायची. म्हणजे दरवर्षी, पीक चांगलं आलं तरी, आपल्या आजोबा-पणजोबांना कुणी कसं वागवलं ते देवासमोर मोठ्याने सांगायचं. ज्या घरांनी महारवाडा-मांगवाडा सोडून ख्रिस्ती नावं घेतली आणि मग तो वाडा मुलांपासून लपवला, त्यांना या विधीत हरवलेला पहिला अर्धा भाग सापडतो. विधी इथेही संपत नाही. लगेच पुढे आज्ञा आहे: लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी तुझ्या वेशींच्या आत पोटभर खावं.

हा विधी आपण अगदीच विसरलोय असं नाही. मुंबई-वसईकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोक ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा हा कापणीचा सण करतात, गोव्यात रायच्या चर्चमध्ये ५ ऑगस्टला भाताची पहिली कणसं आशीर्वादाला येतात, आणि आमच्या नगरकडच्या मंडळ्यांत सुगीचा सण असतो. वेदीपुढे ज्वारीची ताटं, भोपळे, ऊस, गव्हाची पोती, पाय बांधलेला एखादा कोंबडा, तोही मध्येच उपासनेला साथ देतो. मग लिलाव. एकाच डझन अंड्यांवर दोन कुटुंबं चढाओढीने बोली लावतात, हशा होतो, अंडी शेकडो रुपयांना जातात, आणि घेणारा ती परत टेबलावर ठेवतो, पुन्हा लिलाव व्हावा म्हणून. मला हा सण मनापासून आवडतो. मुलांना तर नाताळानंतर हाच. पण जमलेले पैसे कुठे जातात? बहुतेक वेळा फरशी, साउंड सिस्टीम, कंपाउंडची भिंत. ज्या बाईने परसातला भोपळा आणला आणि जिच्याकडे बोली लावायला पैसे नाहीत ती मागच्या भिंतीला टेकून टाळ्या वाजवते. भिंत बांधायला हरकत नाही, तिच्यासाठी दुसरी वर्गणी काढा. सुगीच्या पैशाचा पहिला वाटा मंडळीतल्या विधवा, ऊसतोडीला गेलेल्यांची मागे राहिलेली पोरं आणि गावात बाहेरून आलेला मजूर यांच्या जेवणाचा, असा ठराव करायला कुठल्याही पाळक मंडळाला बिशपांची परवानगी लागत नाही. आणि टोपली ठेवण्याआधी एखाद्या म्हाताऱ्याला उभं करून विचारावं, की बाबा, तुमच्या लहानपणी सुगीला तुमच्या घरात काय यायचं आणि कुणाच्या हातून.

रोजच्या घरातल्या उपकारस्तुतीचं काय, असं कुणी विचारेल. जेवणाआधीची प्रार्थना, झोपण्याआधीची कौटुंबिक उपासना. तिथे मोठे बदल सुचवण्यासारखं फारसं नाही. एकच. जेवणाची जी प्रार्थना आपण प्रभुभोजनात आठवतो, ती येशूने धरून दिला जाण्याच्या रात्री केली. भाकर घेतली, उपकारस्तुती केली, मोडली, दिली. त्याच रात्री, काही तासांत, गेथशेमाने बागेत तो म्हणाला की हा प्याला माझ्यापासून दूर कर. आणि दुसऱ्या दिवशी वधस्तंभावर विलापाचंच स्तोत्र, बावीसावं: माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? एका दिवसाच्या आतल्या या तीन प्रार्थना एकाच मुखातल्या आहेत. मग आमच्या ताटावरच्या प्रार्थनेत ‘अन्नासाठी आभार’ याच्यापुढे ‘पण प्रभू, दादाला अजून काम नाही, आम्हाला भीती वाटते’ एवढं वाक्य का येऊ नये? मुलांसमोर नको, त्यांचा विश्वास डळमळेल, असं मला सांगतात. मुलांना घरात काय चाललंय ते माहीत असतंच. फक्त देवाला ते सांगायचं नसतं, एवढं आपण त्यांना शिकवतो, आणि ती मोठी झाली की देवाला काहीच सांगत नाहीत.

राहता राहिला व्यावहारिक आक्षेप: गाऱ्हाण्याला वाट दिली तर सभा रडारडीत बुडेल, लोक यायचे बंद होतील. तेराव्या स्तोत्रात जेमतेम सहा वचनं आहेत. पहिल्या दोनांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो, पुढच्या दोनांत विनवणी आहे, आणि शेवटच्या दोनांत तोच माणूस गातो. दोन तासांच्या सभेत साक्षींना चाळीस मिनिटं देता ना? त्यातली दहा मिनिटं, ज्यांची प्रार्थना अजून ऐकली गेलेली नाही त्यांना द्या. कुणी उठलं नाही तर दहा मिनिटं शांत बसा. मग पेटी उघडा, नाहीतर कीबोर्ड सुरू करा, तुमच्याकडे जे असेल ते.